अडीच लाखांची चाकं आणि एक ग्रॅमचं निपल

मे महिन्यात सायकलींबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्मी चाकांबद्दलची आहेत. पावसाच्या तोंडावर लोक छत्र्या दुरुस्त करून घेतात, सायकलवाल्यांना मात्र नेमकी तेव्हाच नवी चाकं खुणावतात. एक पत्र मोठं आहे, त्याला मोठंच उत्तर देते. बाकीची भराभर उरकते.

प्रश्न : ताई, नमस्कार. मी मुलुंडला राहतो, वय ४१, वजन ७४ किलो, बँकेत नोकरी. चार वर्षांपूर्वी कार्बन फ्रेमची रोड बाइक घेतली, डिस्क ब्रेक आणि १२ स्पीडची. तिच्याबरोबर आलेली ॲल्युमिनियमची चाकं अजून तीच आहेत, जोडी काट्यावर १,८८० ग्रॅम भरली. रविवारी पहाटे मुलुंड ते मरीन ड्राइव्ह आणि परत, आठवड्यात दोनदा ऐरोलीमार्गे पामबीच, वर्षातून तीन-चारदा खोपोलीहून बोरघाट, आणि जमली तर एखादी रेस. चाकांसाठी अडीच लाख बाजूला काढलेत (घरी दीड सांगितलंय). ग्रुपमधला एक मित्र म्हणतो, १,३०० ग्रॅमच्या आतली उथळ चाकं घे, घाटात उडशील. दुसरा म्हणतो, ६० मिलिमीटर खोल घे, सपाटीवर फुकटचा वेग. दुकानदार म्हणतो, ४५ घ्या, ऑलराउंड. हुकलेस घ्यावं का, सिरॅमिक बेअरिंग हवं का, तेही कळत नाही. एकच जोडी घ्यायची आहे आणि दहा वर्षं वापरायची आहे. काय करू?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : दुकानदाराचं बरोबर आहे. त्याच्याकडे ४५ चीच जोडी शिल्लक होती म्हणून तो तसं म्हणाला असेल, तरी बरोबर आहे. खोली म्हणजे रिमची, चाकाच्या बाहेरच्या कड्याची, टायरपासून आतपर्यंतची उंची. ४० ते ५० मिलिमीटरची खोली तुमच्या तिन्ही कामांना पुरते. पण खोली हा या निवडीतला सोपा भाग. अवघड काय आहे, ते माझ्या चाकं सरळ करायच्या स्टँडवर गेल्या आठवड्यात जे चाक आलं त्यावरून सांगते.

वरळीचे एक गृहस्थ मागचं चाक घेऊन आले. "ताई, किंचित आऊट आहे, पाच मिनिटांचं काम." तीन वर्षांचं चाक, जोडीची किंमत तुमच्या बजेटच्या आसपास, रिम आरशासारखी. स्टँडला लावून फिरवलं, डावीकडे दीड मिलिमीटर आऊट, म्हणजे तेवढं डुलतंय. निपलला, म्हणजे तार (स्पोक) रिमला ताणून धरणाऱ्या छोट्या नटाला, चावी लावून पाव फेरा दिला. चावी फिरली, निपल जागच्या जागी. चावी काढून बघते तर निपलचे चारही कोपरे गोल झालेले आणि चावीच्या खाचेत पांढरी भुकटी, ओल्या रांगोळीसारखी. शेजारच्या तारेची तीच गत. तिसऱ्या निपलचं डोकं तुटून रिमच्या पोटात पडलं आणि चाक खुळखुळ्यासारखं वाजायला लागलं. पाच मिनिटांच्या कामाला दुपार गेली. चोवीसच्या चोवीस निपलं कापून काढली, त्यांच्याबरोबर चोवीस ताराही गेल्या.

निपल ॲल्युमिनियमचं, रिम कार्बनची आणि मध्ये वरळी सी-फेसचं खारं पाणी. शाळेत लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून वीज तयार केली होती ना, तसाच प्रकार. कार्बनमधून वीज वाहते. खाऱ्या ओलाव्यात त्याच्याशेजारी बसलेलं ॲल्युमिनियम आपला जीव देत राहतं आणि त्याची भुकटी होते. कोरड्या गावात या गोष्टीला वर्षानुवर्षं लागतात. इथे, भरतीच्या लाटा कठड्यावरून थेट रस्त्यावर येतात तिथे सायकल चालवणाऱ्याला तीन पावसाळे पुरतात.

पितळी निपल साधारण एक ग्रॅमचं. ॲल्युमिनियमचं त्याच्या तिसऱ्या हिश्श्याचं. दोन्ही चाकांत मिळून ४८ निपलं धरली तर पितळ वापरल्याने वजन तीसेक ग्रॅमने वाढतं. कॅटलॉगमधला आकडा तेवढा सुंदर दिसावा म्हणून महागड्या चाकांत बहुतेक वेळा ॲल्युमिनियम घालतात. तेव्हा दुकानात गेल्यावर खोली आणि वजन विचारायच्या आधी हे विचारा : निपल कशाचं आहे, आणि ते बाहेर आहे की रिमच्या आत लपवलेलं? आत असेल तर प्रत्येक वेळी आऊट काढायला टायर उतरवा, ट्यूबलेस असेल तर सीलंट (आतलं पंक्चर भरणारं द्रव) काढा, टेप सोला. काम झाल्यावर हे सगळं परत चढवा. दुकानदाराला उत्तर माहीत नसेल तर चाकाच्या आतलं त्याने कधी पाहिलेलं नाही, एवढं तुम्हाला कळलं.

आता वजनाचं. तुमचा घाटातला मित्र मनाने चांगला असणार, पण त्याच्यासमोर वही-पेन्सिल घेऊन बसा. तुम्ही ७४, सायकल साडेआठ, बाटल्या-बूट-हेल्मेट धरून ८५ किलो. समजा १,५५० ग्रॅमच्या चाकांऐवजी १,३०० ग्रॅमची घेतली. वाचले २५० ग्रॅम, म्हणजे ८५ किलोंचे ०.३ टक्के. खोपोलीपासून वर अर्धा तास चढलात तर १,८०० सेकंदांतले साडेपाच सेकंद वाचले. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाजवळच्या त्या भिंतीसारख्या चढावर माणूस एका घोट पाण्यासाठी त्याहून जास्त घालवतो. "पण फिरणारं वजन दुप्पट भारी," असं मित्र म्हणेल. ते वेग वाढवताना खरं आहे, आणि तेही वजन रिमच्या कडेला असेल तेव्हाच. एका लयीत चढताना फिरणारा ग्रॅम आणि खिशातला ग्रॅम सारखेच. मुंबई-पुणे शर्यतीत घाटाच्या राजाचा किताब मिळवणाऱ्याला साडेपाच सेकंदांचं मोल असतं. तुम्ही वर पोहोचून वडापाव खाणार आहात.

आणि हलक्या चाकांतले ते २५० ग्रॅम कुठून काढलेले असतात? रिमची भिंत पातळ करून, तारा कमी करून, निपलं ॲल्युमिनियमची घालून. आपल्या रस्त्यांवर नेमक्या याच तीन गोष्टी आधी मरतात. ईस्टर्न एक्स्प्रेसवरून शीवला उतरलात की दादर, परळ, लालबाग, भायखळा आणि पुढे जेजे पुलाखालून, असा तुमचा रस्ता असणार. नव्या काँक्रीटचे सांधे, जुन्या डांबराचे खड्डे, पेव्हरब्लॉकचे पट्टे, मेट्रोच्या कामाच्या पोलादी प्लेटा, सगळं एका फेरीत भेटतं. ॲल्युमिनियमच्या रिमला खड्ड्यात पोचा पडतो आणि तो दिसतो. कार्बनच्या रिमला आत तडा जातो आणि वरचा रंग तसाच चकचकीत राहतो. म्हणून तुम्हाला १,४५० ते १,६०० मधली जोडी ठीक. त्याहून हलकी फुकट मिळाली तरी दहा वर्षांच्या वापराला मी घेणार नाही.

सपाटीवर मात्र तुमच्या दुसऱ्या मित्राच्या म्हणण्यात तथ्य आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी ताकद घनाने. पामबीचवर ३२-३५ ने जाताना तुम्ही बहुतेक हवेशीच झगडत असता. तिथे खोल रिम मदत करते. पण पंधराची ४५ केली तर जेवढा फरक पडतो, तेवढा ४५ ची ६० केल्यावर पडत नाही, आणि त्या वाढीव पंधरा मिलिमीटरची वसुली आडवा वारा करतो. हवेला सगळ्यात मोठा अडथळा तुम्ही स्वतः आहात. कोपर वाकवून हँडलवर अर्धा तास टिकता आलं तर कुठल्याही रिमपेक्षा जास्त मिळेल, आणि त्यावर जीएसटी नाही.

खोलीपेक्षा मला रुंदी महत्त्वाची वाटते. जुन्या रिम आतून १५ ते १७ मिलिमीटर असत. आता २१ ते २३ सर्रास आणि २५ पर्यंतही गेल्यात. रुंद रिमवर टायर गोल न राहता सरळ उभ्या भिंतींचा होतो, कमी हवेतही वळणावर लोळत नाही. चाकांच्या धंद्यात एक ठोकताळा आहे, झिप या चाकांच्या कंपनीत काम केलेल्या जॉश पोर्टनर या अभियंत्याच्या नावावर तो सांगितला जातो : रिमची बाहेरची रुंदी टायरच्या खऱ्या रुंदीच्या किमान १०५ टक्के हवी, तर हवा टायरवरून रिमवर न तुटता सरकते. २८ चा टायर असेल तर रिम बाहेरून साधारण साडेएकोणतीस. टायरच रिमहून फुगीर असेल तर खोल रिमचे निम्मे पैसे वाया. पण रुंद रिमवर २८ चा टायर फुगून ३० भरतो, म्हणून आधी तुमच्या फ्रेममध्ये जागा बघा. मी ४ मिलिमीटरची ॲलन की टायर आणि फ्रेमच्या मधून फिरवते. दोन्ही बाजूंनी मोकळी फिरली पाहिजे. चिखलासकट ऑगस्ट काढायचाय, हे ध्यानात ठेवा.

हुकलेसचं मत मी दोन वर्षांत बदललं नाही. रिमच्या काठाला आतून ओठासारखी कड असते, ती टायरला धरून ठेवते, तिला हुक म्हणतात. हुकलेसमध्ये ती कड नसते, भिंत सरळ. साच्यातून काढायला सोपी, त्यामुळे बनवणाऱ्याला परवडते आणि काठही जाड ठेवता येतो. पण तिला हवेची कमाल मर्यादा ५ बार म्हणजे साडेबहात्तर पीएसआय, आणि टायर ठराविक मापाचा आणि मान्यता असलेलाच लागतो. आतून २५ मिलिमीटर असलेल्या हुकलेस रिमला नव्या मानकांनुसार किमान २९ चा टायर हवा. फेब्रुवारी २०२४ मध्ये यूएई टूर या शर्यतीत बेल्जियमचा सायकलपटू थॉमस डी गेंट पडला, त्याचा टायर हुकलेस रिमवरून निघून आल्याची छायाचित्रं जगभर फिरली आणि रायडरांच्या संघटनेने या चाकांवर आक्षेप घेतला. तुमच्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६५-६८ पीएसआय पुरते, म्हणजे मर्यादेचा प्रश्न नाही. प्रश्न शनिवारी संध्याकाळचा आहे. टायर फाटलाय, रविवारी पहाटे निघायचंय, आणि दुकानात जे आहे तेच घ्यावं लागणार. त्या वेळी रिमला हुक असावा. एखाद्याकडे घरात चार टायर साठवायची जागा आणि शिस्त असेल तर त्याने खुशाल हुकलेस घ्यावं, वाईट नाही.

हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यावर, मात्र हात आखडू नका. रिम फुटली तर बदलता येते, तारा तर सतत बदलत असतातच. दहा वर्षं सोबत राहतो तो हब. मला डीटी स्विसचा २४० आवडतो, कारण तो उघडायला अवजार लागत नाही. शेवटची टोपी हाताने ओढली की निघते, आतून दातेरी दोन चकत्या आणि स्प्रिंग. ३६ दात्यांची चकती असेल तर दर दहा अंशांना पकडते. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं, जुन्या बनियनने पुसायचं, बोटाच्या टोकावर मावेल एवढं ग्रीस लावायचं, बंद. चहा उकळेपर्यंत होतं. दर पावसाळ्यात दोनदा करा.

बेअरिंगवर ६९०२ असा काही आकडा कोरलेला असतो. ६९०२ म्हणजे आतून १५, बाहेरून २८, रुंदी ७ मिलिमीटर. असा सर्वसाधारण आकडा असेल तर नागदेवी स्ट्रीटवर जाऊन, "सीलवालं, चांगल्या कंपनीचं द्या," म्हटलं की काम झालं. कंपनीने स्वतःचं खास माप काढलेलं असेल तर परदेशाहून येईपर्यंत सायकल भिंतीला. सिरॅमिक बेअरिंगमध्ये छर्रे सिरॅमिकचे असतात, पण ते ज्या वाटीत फिरतात ती बहुधा पोलादीच असते. छर्रा गंजत नाही, वाटी गंजते. म्हणजे मुंबईत त्याचा उपयोग किती, ते तुम्हीच ठरवा. ते पैसे टायरला लावा.

खास मापाबद्दल इतक्या पोटतिडकीने लिहितेय, कारण मी स्वतः भाजले आहे. सात वर्षांपूर्वी मीही एक जोडी घेतली होती, नाव लिहीत नाही. देखणी चाकं, तारा त्या कंपनीच्या स्वतःच्याच, जगात दुसऱ्या कुणाच्या बसत नाहीत. वाशीच्या पुलावर मागची एक तार तुटली. एक तार, हातातल्या उदबत्तीएवढी. विक्रेता म्हणाला, मागवतो. अकरा आठवडे मागवत होता. तोवर मी बाबांच्या जुन्या सायकलवर फिरले, तिला पुढे ३२ आणि मागे ४० तारा, त्यातल्या दोन कधीपासून नाहीत आणि तिला त्याचं काही नाही. बाबा लालबागला सायकलच्या दुकानात होते. गिरणी कामगारांच्या सायकलींची चाकं ते डोळ्यांआधी कानाने तपासायचे, नखाने तार छेडायची आणि सूर ऐकायचा. ढिली तार बद्द बोलते. आता माझ्याकडे ताण मोजायचा मीटर आहे, तरी छेडल्याशिवाय चाक गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही.

म्हणून तुमच्यासाठी : तारा सॅपिमच्या सीएक्स-रे किंवा डीटीच्या एरोलाइट, चपट्या पोलादी, कुठल्याही धड दुकानात मिळतील अशा. पुढे-मागे २४-२४. कार्बनच्या तारांचं कौतुक सध्या फार आहे, पण बहुतेक कंपन्यांच्या कार्बन तारा खास मापाच्या, म्हणजे पुन्हा अकरा आठवडे. डिस्क ब्रेकचा एक फायदा सांगते. २४ मधली एक तुटली तरी चाक डुलत-डुलत घरी आणतं, कारण रिम कुठे घासत नाही. नवं चाक घेताना चार तारा जास्तीच्या मागून घ्या. मागच्या चाकाच्या दोन बाजूंची लांबी वेगळी असू शकते, दोन्हीकडच्या घ्या आणि कपाटात चिठ्ठी लावून ठेवा. चिठ्ठी लावा म्हणजे लावाच. नाहीतर दिवाळीच्या साफसफाईत जातात.

आता नावं. शिमानोची ड्युरा-एस सी५० ही ५० मिलिमीटर खोल, आतून २१, हुकवाली, जोडी कंपनीच्या आकड्यानुसार १,४६१ ग्रॅम. तिच्यात अजून जुन्या पद्धतीचं कप-कोन बेअरिंग आहे, सुटे छर्रे. मला ते आवडतं, कारण ते उघडून, धुऊन, घट्ट-सैल करता येतं. पण आळशी माणसाला ते महाग पडतं, वाटीला चरे गेले की हबच गेला. आणि ही जोडी फक्त १२ स्पीडला चालते, तुमची आहे म्हणून अडचण नाही. डीटी स्विसची एआरसी १४०० ही हुकवाली आणि २४० हबची, शांत डोक्याच्या माणसाची निवड. झिप ३०३ फायरक्रेस्ट ४० खोल आणि आतून २५, एन्व्हीची ३.४ पुढे ३९ आणि मागे ४३, तीही आतून २५. दोन्ही चालवायला झकास, दोन्ही हुकलेस, तेव्हा ३० चा टायर फ्रेममध्ये बसत असेल तरच. घेण्याआधी फ्रीहब (मागच्या हबवर कॅसेट, म्हणजे दातेरी चकत्यांचा संच, बसतो तो भाग) तुमच्या कॅसेटचा आहे ना, शिमानोचा की स्रॅमचा एक्सडीआर, आणि चाकाची वजनमर्यादा किती, हे पाहा. वॉरंटी लिहून घ्या, आणि ती मुंबईतल्या माणसाने पाळायची आहे की तैवानमधल्या, हेही.

शेवटचा पर्याय सांगते, पण मी चाकं बांधून पोट भरते हे लक्षात ठेवूनच वाचा. ४५ ची हुकवाली कार्बन रिम, आतून २१ किंवा २३, २४० चे हब, सीएक्स-रे तारा, पितळी निपलं, हाताने बांधलेली. १,५०० च्या आसपास येते आणि तुमच्या अडीच लाखांतले बरेच शिल्लक राहतात. त्यातून दोन उत्तम टायर, दोन हलक्या टीपीयू (प्लॅस्टिकसारख्या) ट्यूब, दोन डिस्क रोटर (ब्रेकच्या चकत्या) आणि एक कॅसेट घ्या. म्हणजे चाकं बदलताना जुन्यावरचं काही काढावं लागणार नाही, आणि जुनी ॲल्युमिनियमची जोडी तशीच तयार राहील. ती विकू नका. जून ते सप्टेंबर तीच लावायची. आणि घरी सांगितलेला आकडा त्यामुळे खरा ठरण्याच्या बऱ्याच जवळ येईल.

प्रश्न : माझं वजन ५२ किलो. ट्रायथलॉनसाठी मैत्रिणीची ६० मिलिमीटरची चाकं आठवडाभर वापरून पाहिली. मरीन ड्राइव्हवर दोनदा हँडल हातातून निसटल्यासारखं झालं. सवयीने जाईल का ही भीती?
— एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : काही प्रमाणात जाईल, पण सगळा दोष भीतीचा नाही. वारा पुढच्या चाकावर आदळला की तो हँडल वळवतो. मागच्या चाकावर आदळला तर फक्त ढकलतो, कारण ते फ्रेममध्ये अडकलेलं आणि त्यावर तुमचं वजन. मरीन ड्राइव्ह किनाऱ्याच्या कडेने जातो, तेव्हा पश्चिमेचा वारा बरोबर कुशीत. सततचा वारा माणूस झुकून सांभाळतो. घात होतो तो वारा एकदम थांबतो आणि एकदम येतो तेव्हा, एखादी मोठी बस शेजारून गेली की.

एका ऑगस्टमध्ये वरळी सी-फेसला माझं तेच झालं. पुढे ६० मिलिमीटर, जुन्या पद्धतीची इंग्रजी व्हीसारखी टोकदार रिम. टँकर बाजूने गेला, वारा तुटला, मी सवयीने डावीकडे झुकलेलीच, टँकर संपला आणि एक थप्पड आली. दुभाजकाच्या वीतभर अलीकडे थांबले. तिथे उभं राहून बाटलीतलं सगळं पाणी प्यायले आणि सायकल हातात धरून दादरपर्यंत चालत आले.

तुमच्या वजनाला पुढे ३५ ते ४० आणि मागे ५० पर्यंत घ्या. पोट गोलाकार असलेली, इंग्रजी यूसारखी रिम बघा, ती आडव्या वाऱ्यात अशी अचानक हिसका देत नाही. फार खोलाचा मोह होत असेल तर माहितीसाठी : १ जानेवारी २०२६ पासून यूसीआय या आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेने समूहाने धावायच्या रस्ता-शर्यतींत रिमची खोली ६५ मिलिमीटरवर अडवली आहे. मैत्रिणीची चाकं मैत्रिणीला परत करा. मागचं एकटं मागून पाहायला हरकत नाही.

प्रश्न : मुलाला जुनी कार्बन चाकं ऑनलाइन मिळताहेत, नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत. घेऊ का?
— एक पालक, डोंबिवली

उत्तर : टायर उतरवून दाखवतो का विचारा. नाही म्हणाला तर तिथेच सोडा. उतरवला तर रिमचा काठ आतून-बाहेरून नखाने चाचपा, कुठे नख अडकतंय का. मग नाण्याने रिमवर ठोकत एक फेरी मारा. टणटण आवाज मध्येच बद्द झाला तर तिथे थर सुटलेत. निपलांभोवती पांढरं दिसलं तर वरचं मोठं उत्तर वाचा. आणि वॉरंटी बहुधा पहिल्या मालकालाच असते, तुम्हाला नाही. रिम ब्रेकची कार्बन चाकं असतील तर पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला अजिबात देऊ नका. घाटात सतत ब्रेक दाबला की रिम तापून नरम पडू शकते, आणि ओली असताना ती नीट धरत नाही. नामवंत कंपनीचे स्टिकर लावलेली नकली चाकंही या बाजारात भरपूर आहेत. शंका आली तर मुलाला नव्या ॲल्युमिनियमच्या चाकांवर चांगले टायर बसवून द्या. पळायचा तर तो त्यावरही पळेल.

प्रश्न : ट्यूबलेस केलं. सीलंट वर्षभर टिकतं असं ऐकलं होतं, पण तीन महिन्यांत पंक्चर भरेनासं झालं. फसवलं का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : नाही, वाळलं. उन्हाळ्यात आपल्याकडे दोन-तीन महिन्यांत त्याचं रबर होतं. वॉल्व्हची कोअर (आतली सुई) काढून केबल बांधायचा प्लॅस्टिकचा पट्टा आत बुडवा, ओला आला नाही तर ३०-४० मिलिलिटर भरा. कार्बन डायऑक्साइडच्या नळकांडीने हवा भरली असेल तर लेटेक्सचं सीलंट त्यानेही गोठतं, घरी आल्यावर ती हवा सोडून पंपाने भरा. आणि निपलं ॲल्युमिनियमची असतील तर टेप कुठे सुटलीय का बघा. आत झिरपलेलं सीलंट समुद्राच्या पाण्यासारखंच वागतं.

प्रश्न : नवी ५० ची चाकं. ठरावीक वेगाला टिक-टिक वाजतात. दुकानात दोनदा तारा घट्ट केल्या, हब उघडला, काही सापडत नाही.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आवाज फेऱ्यागणिक एकदाच येतोय का? मग तो वॉल्व्ह आहे. खोल रिमला लांब वॉल्व्ह लागतो, आणि तो रिमच्या भोकाच्या कडेवर आपटतो. वॉल्व्हला भोकापाशी इलेक्ट्रिकची काळी टेप गुंडाळा, दोन वेढे. तीन नकोत, मग भोकात जात नाही. तारा मात्र परत कुणाकडून तरी मापून घ्या, दोनदा विनाकारण घट्ट केल्यात.